खाऱ्या पाण्याचा सातबारा कोणाच्या नावावर?

समुद्रकिनाऱ्यालगत जमिनीखाली साठलेले खारे व मचूळ पाणी उपसावे, ते यंत्राने गोडे करावे आणि तहानलेल्या शहरांना व कारखान्यांना पुरवावे, ही सूचना पाणीप्रश्नाच्या चर्चेत वरचेवर पुढे येत असते. तिचा युक्तिवाद वरवर पाहता मोठा सोज्वळ आहे. हे पाणी पिण्याच्या कामाचे नाही, शेतीच्या कामाचे नाही, ते कोणाचेच नाही. मग ते उपसले तर कोणाचे काय जाते? उलट वाळूच्या थरांतून गाळून आलेले असल्यामुळे ते समुद्राच्या पाण्यापेक्षा स्वच्छ असते, पुष्कळ ठिकाणी कमी खारट असते आणि म्हणून गोडे करण्यास स्वस्त पडते.

या युक्तिवादातील ‘कोणाचेच नाही’ हे शब्द नीट तपासले पाहिजेत. या देशातील भांडवलदार-जमीनदार वर्गाने एखादी वस्तू कोणाचीच नाही असे जाहीर केले की थोड्याच काळात ती त्याच्या कब्जात जाते, असा अनुभव आहे. गायराने अशीच गेली, जंगले अशीच गेली, खाजणे अशीच गेली. आता जमिनीखालच्या खाऱ्या पाण्याची पाळी आली आहे. हे पाणी खरोखर बेवारस आहे काय, याचे उत्तर शोधण्यासाठी तामिळनाडूतील कावेरीच्या त्रिभुज प्रदेशासारखी दुसरी जागा नाही.

कुंभकोणम आणि समुद्र

कुंभकोणम हे गाव कावेरी आणि तिचा फाटा अरसलार यांच्या मध्ये वसलेले आहे. मराठी वाचकाला ते परके नाही. १६७० च्या दशकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले, १७९९ साली राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला आणि १८५५ साली संस्थानही संपुष्टात आले. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात त्या राजवटीचे मोडी कागद आजही आहेत. त्या राजवटीचा सारा डोलारा कावेरीच्या पाण्यावर पिकणाऱ्या भातावर आणि ते भात पिकवणाऱ्या भूमिहीन मजुरांच्या पाठीवर उभा होता. राजे गेले, कंपनी गेली, राणीचे सरकारही गेले. भात आणि मजूर मात्र तेथेच राहिले.

कुंभकोणमपासून समुद्र सुमारे पन्नास किलोमीटर दूर आहे आणि गावाची भूमी समुद्रसपाटीपासून वीस-पंचवीस मीटर उंच आहे. तेव्हा तेथील माणसाने खाऱ्या पाण्याची चिंता का करावी, असा प्रश्न सहज विचारला जाईल. त्याचे उत्तर असे की, किनाऱ्यावर खारे पाणी कोठे थांबते हे किनाऱ्यावर ठरत नाही. ते वरच्या अंगाला ठरते. कावेरी, अरसलार, वेण्णार, वेट्टार आणि त्यांच्या असंख्य पाटांतून जे गोडे पाणी वाहते, जे भाताच्या खाचरांतून झिरपते, तेच जमिनीखालून समुद्राकडे सरकते आणि समुद्राला आत येऊ देत नाही. कुंभकोणमच्या शिवारात मुरणारे पाणी ही तरंगंबाडीच्या विहिरीची संरक्षक भिंत आहे. ही भिंत डोळ्यांना दिसत नाही म्हणून कोणत्याही अंदाजपत्रकात तिची नोंद होत नाही.

तोल कसा राहतो आणि कसा बिघडतो

गोडे पाणी हलके आणि समुद्राचे पाणी जड असते. एकाचे वजन १००० धरले तर दुसऱ्याचे १०२५ भरते. त्यामुळे किनाऱ्याच्या जमिनीत गोडे पाणी वर आणि खारे पाणी त्याखाली पाचरीसारखे शिरलेले असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमध्ये बादोन घायबेन आणि १९०१ साली जर्मनीत हेर्झबर्ग यांनी या तोलाचे गणित मांडले. विहिरीतील गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल, तर समुद्रसपाटीखाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी टिकून राहते. याचा उलटा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. गोड्या पाण्याची पातळी एक मीटरने खाली गेली की तोल साधेपर्यंत खारे पाणी चाळीस मीटरने वर येऊ शकते. निसर्गाच्या या हिशेबात चूक करणाऱ्याला चाळीसपट दंड भरावा लागतो.

निःक्षारीकरणाचे समर्थक याच शास्त्राचा आधार घेतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे हे मान्य केले पाहिजे. खाऱ्या पाण्याची पाचर जेथे आत शिरली आहे, तेथे किनाऱ्याला अगदी लागून, गोड्या पाण्याच्या थराखाली खोल विहीर घेतली आणि तेथूनच खारे पाणी उपसले, तर पाचरीचा जोर कमी होतो व दोन पाण्यांमधील सीमा खाली सरकते. स्पेनमधील आंदाराक्स नदीच्या मुखाशी आल्मेरिया शहराच्या निःक्षारीकरण केंद्राला अशा किनारी विहिरींतून पाणी पुरवले गेले आहे आणि तेथील संशोधकांनी या परिणामाचा अभ्यासही केला आहे. सबब हे तंत्र थोतांड आहे असे कोणी म्हणू नये. खरा मुद्दा वेगळा आहे. त्या विहिरीचा पंप कोणाच्या हातात असेल आणि तो कोणत्या हेतूने चालेल?

नफ्याची ओढ कोणत्या दिशेला?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. रिव्हर्स ऑस्मॉसिसच्या पडद्यांतून ते पाणी दाबाने ढकलून गोडे करायचे तर हजार लिटरमागे साधारणतः ३ ते ४ युनिट वीज लागते. पाणी जितके कमी खारट तितका दाब कमी, तितकी वीज कमी आणि पडदेही अधिक काळ टिकणारे. मचूळ पाण्याला समुद्राच्या पाण्याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी वीज पुरते. ज्या कंपनीला हजार लिटरमागे दर मिळणार, तिची ओढ साहजिकच सर्वांत कमी खारट पाण्याकडे राहील.

येथेच या योजनेतील अंतर्विरोध उघडा पडतो. जमिनीच्या आणि गावाच्या हितासाठी उपसायचे तर सर्वांत खारे पाणी, किनाऱ्याला चिकटून आणि सर्वांत खोलातून उपसले पाहिजे. नफ्यासाठी उपसायचे तर सर्वांत कमी खारे पाणी, म्हणजे किनाऱ्यापासून आत आणि उथळ थरातून उपसले पाहिजे. एकाच पंपाला या दोन विरुद्ध दिशांची ओढ आहे. पंप खाजगी भांडवलाच्या हाती असेल तर तो कोणत्या दिशेला सरकेल हे सांगायला ज्योतिषाची गरज नाही.

आता ‘निरुपयोगी’ या शब्दाचा हिशेब पाहावा. एखाद्या कूपनलिकेच्या एक लिटर पाण्यात साडेतीन ग्रॅम क्षार आहेत असे समजू. असे पाणी पिता येत नाही आणि त्यावर भातही होत नाही. कागदोपत्री ते निरुपयोगी ठरते. परंतु त्याचा खारेपणा समुद्रातून आलेला असेल तर त्यात समुद्राचा वाटा फार तर एक दशांश आहे. उरलेले नऊ भाग पाणी पावसाचे आणि कावेरीचे आहे. ते शेतकऱ्याच्या खाचरातून मुरलेले आहे, ज्या पाटाची गाळमाती मजुरांनी काढली त्या पाटातून आलेले आहे. एक भाग समुद्राचे पाणी मिसळले म्हणून नऊ भाग गोड्या पाण्यावरचा गावाचा हक्क नाहीसा होतो काय? दुधात पाणी घातले म्हणून ते दूध गवळ्याचे राहत नाही, असा न्याय कोणत्या बाजारात चालतो?

शिवाय उपसलेले सगळेच पाणी गोडे होत नाही. मचूळ पाण्याच्या केंद्रात साधारणतः चौथा-पाचवा हिस्सा अधिक दाट खारे पाणी होऊन मागे उरतो. समुद्रकाठच्या केंद्राला ते समुद्रात सोडता तरी येते, जरी तेथील मासेमारांना त्याची झळ बसते. आतल्या गावातील केंद्राने ते ओढ्यात किंवा उघड्या जमिनीवर सोडले तर तेच क्षार पुन्हा झिरपून शेजारच्या विहिरीत उतरतात. गोडे पाणी टँकरमधून बाहेर जाते आणि मीठ गावाच्या वाट्याला येते.

मिंजूरचा धडा

हे सारे कल्पनेतले भय आहे असे कोणी म्हणेल तर त्याने चेन्नईच्या उत्तरेला असलेल्या मिंजूरकडे पाहावे. कोसस्थलैयार आणि आरणियार या नद्यांच्या खोऱ्यातील वाळूच्या थरांत तेथे उत्तम गोडे पाणी होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून शहरासाठी आणि मणली परिसरातील कारखान्यांसाठी तेथील विहिरींतून मोठ्या प्रमाणावर उपसा झाला. शेतकऱ्यांचे पंपही चालू होतेच. परिणामी समुद्र जमिनीखालून आत शिरला आणि पुढील दशकांत तो दहा किलोमीटरहून अधिक आत गेला. विहिरी खाऱ्या झाल्या आणि भाताची जमीन नासली.

त्यानंतर काय झाले? त्याच मिंजूर परिसरातील काट्टुपळ्ळी येथे २०१० साली दिवसाला १० कोटी लिटर क्षमतेचा समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प सुरू झाला. हैदराबादची आयव्हीआरसीएल आणि स्पेनच्या आबेन्गोआ समूहातील बेफेसा या कंपन्यांनी तो उभारला. चेन्नईच्या पाणीपुरवठा मंडळाने २५ वर्षे पाणी विकत घेण्याचा करार केला. आरंभीचा दर हजार लिटरला सुमारे ४८ रुपये ६६ पैसे होता. पुढे आबेन्गोआ दिवाळखोरीत गेली आणि आयव्हीआरसीएलही २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली. ज्या खाजगी क्षेत्राच्या कार्यक्षमतेचे पोवाडे गायले जातात, त्याच्या भरवशावर एका महानगराच्या पाण्याचा पाव शतकाचा करार बांधला गेला होता, हे विसरून चालणार नाही.

या साखळीतील मधला दुवा थेट कुंभकोणमच्या परिसराला येऊन भिडतो. २००४ साली चेन्नईला वीराणम तलावाचे पाणी नेण्याची योजना सुरू झाली. वीराणम तलाव भरतो तो कोल्लिडम नदीवरील खालच्या बंधाऱ्यातून, म्हणजे कुंभकोणमच्या ईशान्येस असलेल्या अणैक्करैच्या बंधाऱ्यातून. उत्तरेकडील भूजल खारे झाले, शहराची तहान वाढली आणि मग कावेरीच्या त्रिभुज प्रदेशावर हात पडला. स्वतःच्या पायाखालचे गोडे पाणी उद्ध्वस्त करणारी विकासाची पद्धत तशीच ठेवून पाण्याचे नवे नवे ‘स्रोत’ शोधत राहिले की प्रत्येक स्रोत हा दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडचे पाणी ठरतो.

आधी खारे करा, मग गोडे करून विका

त्रिभुज प्रदेशातील सगळे खारे भूजल मानवी करणीने झालेले नाही. किनाऱ्याजवळच्या काही थरांत प्राचीन काळापासून समुद्राचे पाणी अडकून आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने नागपट्टिनम जिल्ह्यात हजारो माणसे नेली आणि मागे विहिरींत व शेतांत मीठ ठेवले. परंतु निसर्गाच्या माथी सारे खापर फोडणे ही राज्यकर्त्या वर्गांची जुनी सवय आहे.

१९९० च्या दशकात याच किनाऱ्यावर निर्यातीसाठी कोळंबीची तळी खणली गेली. त्या वेळीही शब्द तोच होता: पडीक, निरुपयोगी जमीन. भाताच्या शेतांशेजारी समुद्राचे पाणी पंपाने आणून साठवण्यात आले आणि ते झिरपून पिण्याच्या विहिरी बिघडल्या. भूमिहीन शेतमजुरांचे काम गेले, कारण कोळंबीच्या तळ्याला लावणी, खुरपणी, कापणी नसते. सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला आणि किनारा नियमन क्षेत्रातील अशी तळी ३१ मार्च १९९७ पर्यंत काढून टाकण्याचा आदेश दिला. त्या आदेशाचे पुढे काय झाले? २००५ साली संसदेने कायदा करून कोळंबी शेतीला त्या बंदीतून मोकळे केले आणि तेही पूर्वलक्षी प्रभावाने. निकाल जनतेच्या बाजूने लागला, कायदा निर्यातदारांच्या बाजूने झाला.

आता त्याच किनाऱ्यावरील त्याच खाऱ्या झालेल्या पाण्याला ‘कच्चा माल’ म्हणून किंमत येणार असेल, तर वर्तुळ पूर्ण होते. एका हाताने पाणी खारे करून नफा मिळवायचा आणि दुसऱ्या हाताने ते गोडे करून पुन्हा नफा मिळवायचा. दोन्ही वेळा गावाने किंमत मोजायची. १९३० साली मिठाच्या जुलमी कराविरुद्ध तिरुचिरापल्लीहून वेदारण्यमपर्यंत सत्याग्रहींची पदयात्रा याच प्रदेशातून गेली होती. त्या काळी जनतेला मिठासाठी कर द्यावा लागत होता. उद्या पाण्यात मीठ नसावे यासाठी तो द्यावा लागेल.

दहा टीएमसीचा प्रश्न

या वादाला नदीच्या वाटपाची एक बाजू आहे आणि ती सर्वांत गंभीर आहे. कावेरी लवादाने २००७ साली अंतिम निवाडा दिला. त्यावरील अपिलांत सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ रोजी कर्नाटकाने बिलिगुंडलू येथे सोडावयाचे पाणी १९२ टीएमसीवरून १७७.२५ टीएमसीवर आणले. हे करताना न्यायालयाने तामिळनाडूच्या त्रिभुज प्रदेशात सुमारे २० टीएमसी भूजल उपलब्ध आहे असे धरले आणि अतिउपशाचा धोका लक्षात घेऊन त्यांपैकी १० टीएमसी हिशेबात घेतले. अर्थात तितके नदीचे पाणी कमी झाले.

येथे कर्नाटकाच्या शेतकऱ्याविरुद्ध एक शब्दही काढण्याचे कारण नाही. मंड्याचा शेतकरी आणि कुंभकोणमचा शेतकरी यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे हा भांडवली पक्षांचा ठरलेला डाव आहे. मुद्दा एवढाच की, त्रिभुज प्रदेशातील भूजल आता राष्ट्रीय हिशेबवहीत नदीच्या पाण्याऐवजी जमा धरलेले आहे. तेच भूजल खारे झाले किंवा ‘खाऱ्या पाण्याचा उपसा’ या नावाखाली कारखान्यांकडे गेले, तर नदीही नाही आणि विहीरही नाही, अशी स्थिती होईल.

मग ते पाणी यंत्राने भरून काढता येईल काय? एक टीएमसी म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. दहा टीएमसी म्हणजे २८ कोटी घनमीटरांहून अधिक. मिंजूरसारखा दिवसाला १० कोटी लिटरचा प्रकल्प वर्षभर अखंड चालला तरी साडेतीन कोटींच्या आसपास घनमीटर पाणी देतो. न्यायालयाच्या हिशेबातील केवळ दहा टीएमसीची जागा घ्यायला असे जवळजवळ आठ प्रकल्प लागतील. भाताच्या एका एकराला हंगामात सुमारे १२०० मिलिमीटर पाणी धरले तर ते जवळपास ४,८५० घनमीटर होते. मिंजूरच्या आरंभीच्या दरानेच त्याची किंमत २ लाख ३० हजार रुपयांच्या वर जाते. त्या एकरातील सगळे भात विकून त्याची निम्मीही भरपाई होणार नाही. यावरून एक गोष्ट निर्विवाद ठरते. गोडे केलेले पाणी घागरीत येऊ शकते. ते कधीही कावेरीची जागा घेऊ शकत नाही. ‘पर्यायी स्रोत’ म्हणून त्याचे गुणगान करणारे लोक प्रत्यक्षात शेतीचे पाणी काढून घेण्याची वैचारिक तयारी करत आहेत.

कायदा कोणाच्या बाजूला?

भूजलाच्या मालकीचा या देशातील पाया अजूनही १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचा आहे. ज्याची जमीन त्याचे तिच्याखालील पाणी, आणि ते त्याने हवे तितके उपसावे, हा त्याचा मथितार्थ. ज्याला जमीन नाही त्याला पाण्यावर हक्क नाही. पूर्व तंजावरमध्ये भूमिहीनांची संख्या किती मोठी आहे आणि ते बहुतांशी दलित आहेत, हे ध्यानात घेतले की या कायद्याचा वर्गीय आणि जातीय अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. याच भागातील कीळवेण्मणी येथे २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री मजुरीवाढ मागणाऱ्या शेतमजुरांची ४४ माणसे, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले, झोपडीत कोंडून जाळण्यात आली. जमिनीची मालकी माणसाच्या जिवावर उठते हे तेथे सिद्ध झाले आहे. पाण्याची मालकीही त्याच हाती ठेवून उपाय शोधणे ही फसवणूक आहे.

१९६० पासून तंजावर जिल्ह्यात सधन शेतीचा कार्यक्रम राबवला गेला आणि उथळ कूपनलिका व पंप आले. मेट्टूर धरणाचे पाणी सोडण्याची ठरलेली तारीख १२ जून. त्या दिवशी पाणी सुटले नाही की ज्याच्याकडे पंप आहे तो भूजलावर कुरुवै पीक घेतो. ज्याच्याकडे नाही तो आकाशाकडे पाहतो किंवा शेजाऱ्याकडून पाणी विकत घेतो. दोष त्या छोट्या पंपवाल्याचा नाही. नदीचे पाणी वेळेवर न मिळाल्याने तो जमिनीखाली लोटला गेला आहे. पण नियमनाचा प्रश्न आला की राज्यकर्ते मागे सरतात. तामिळनाडूने २००३ साली भूजलाच्या विकासाचा व व्यवस्थापनाचा कायदा केला आणि अंमलात न आणताच २०१३ साली तो रद्द केला. अशा राज्यात भूगर्भातून खारे पाणी उपसण्याची परवानगी कोण देणार, विहिरीची खोली कोण तपासणार आणि खारेपणाची नोंद कोण ठेवणार?

तहानलेल्या गावांना काय सांगावे?

यावर एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक आहे. किनाऱ्यावरील मच्छीमार वस्त्यांतील आणि दलित वस्त्यांतील बायकांनी सामाजिक परिवर्तन होईपर्यंत मैलोन् मैल घागरी वाहाव्यात काय? मुळीच नाही. यंत्राला विरोध करणे हा श्रमिकांचा मार्ग नव्हे. वेदारण्यमसारख्या किनारी भागाला कोल्लिडमच्या पात्रातून नळाने पाणी न्यावे लागते आणि त्या नदीच्या मुखातून समुद्र आत येत असल्याने खाली दारांचा बंधारा बांधण्याची योजना सरकारला आखावी लागली. अशा स्थितीत किनाऱ्यावरच, खऱ्या अर्थाने खाऱ्या असलेल्या पाण्यावर चालणारे छोटे सार्वजनिक केंद्र गावाची तहान भागवत असेल आणि नदीवरील भार हलका करत असेल, तर त्याचे स्वागत झाले पाहिजे. त्यासाठी परदेशी कंपन्यांचे पाय धरण्याचीही गरज नाही. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने अनेक दशके या पडद्यांवर काम केले आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने कल्पाक्कम येथे दिवसाला ६३ लाख लिटर क्षमतेचे प्रात्यक्षिक केंद्र उभारले. १९८६ च्या पेयजल तंत्रज्ञान मोहिमेत मचूळ पाण्याच्या गावांचा विचार झालेला होता. जनतेच्या पैशाने निर्माण झालेले हे ज्ञान जनतेच्या मालकीच्या केंद्रांत वापरले पाहिजे.

तेव्हा मागणी स्पष्ट शब्दांत मांडली पाहिजे. पहिली, भूजल, मग ते गोडे असो की खारे, ही समाजाची संपत्ती आहे असे कायद्याने जाहीर झाले पाहिजे आणि जमिनीच्या मालकीशी त्याची बांधलेली गाठ तोडली पाहिजे. दुसरी, किनारी खाऱ्या पाण्यावरील निःक्षारीकरण सार्वजनिक क्षेत्रातच आणि पिण्याच्या पाण्यासाठीच व्हावे. विहिरीचे ठिकाण, खोली आणि पाण्यातील क्षारांची किमान मर्यादा आधी ठरवावी, म्हणजे मचूळ पाण्याच्या नावाखाली गोडे पाणी पळवले जाणार नाही. तिसरी, प्रत्येक विहिरीच्या खारेपणाची नोंद ग्रामसभेपुढे उघडी असावी आणि मर्यादा मोडताच पंप बंद करण्याचा अधिकार तिला असावा. चौथी, दाट खारे पाणी कोठे जाणार याचे उत्तर मिळाल्याखेरीज एकही केंद्र सुरू होऊ नये. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, कालव्यांची दुरुस्ती, तलावांचा गाळ काढणे, नद्यांतील वाळूचा बेसुमार उपसा थांबवणे आणि शेवटच्या टोकापर्यंत नदीचे पाणी पोहोचवणे यांवर आधी खर्च व्हावा. खाऱ्या पाण्याला मागे रेटणारे सर्वांत स्वस्त यंत्र म्हणजे भरलेला पाट.

असे लढे जिंकता येतात याचा पुरावा याच प्रदेशाने दिला आहे. मन्नारगुडी परिसरातील कोळशाच्या थरांतून मिथेन वायू काढण्याची योजना आली होती. त्यासाठी थरांतील पाणी आधी उपसून टाकावे लागते, आणि समुद्राशेजारी तसे करणे म्हणजे त्याला आमंत्रण देणे आहे, हे शेतकऱ्यांनी ओळखले. ती योजना मागे घ्यावी लागली. २०१७ साली कुंभकोणमजवळच्या कदिरामंगलम येथे तेलवाहिनी फुटली आणि गावकऱ्यांवर लाठ्या चालल्या. तरी गाव हटले नाही. अखेर २०२० साली राज्य सरकारला त्रिभुज प्रदेश संरक्षित कृषिक्षेत्र म्हणून कायद्याने जाहीर करावा लागला. २०२३ साली याच भागात कोळसाखाणींच्या लिलावाची घोषणा झाली तेव्हा विरोधापुढे तेथील क्षेत्रे वगळावी लागली.

महाराष्ट्रालाही हा प्रश्न दूरचा नाही. मुंबई महापालिकेने मनोरी येथे दिवसाला २० कोटी लिटर समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प आखला आहे. कोकणात खाड्यांकाठच्या विहिरी मचूळ होत आहेत. उद्या त्या विहिरींकडेही ‘स्रोत’ म्हणून बोट दाखवले जाईल. अलिबागच्या खारेपाटातील कुळांनी पिढ्यान् पिढ्या बांध घालून, उघाड्या राखून समुद्राकडून भाताची जमीन मिळवली आणि १९३३ पासून चरीच्या संपात जमिनी पडीक ठेवून खोतांना धडा शिकवला. समुद्राला हटवणाऱ्याचाच जमिनीवर हक्क, हे त्यांनी त्या वेळी दाखवून दिले. जमिनीखालच्या पाण्याला हाच न्याय लागू आहे. ज्यांच्या श्रमाने गोडे पाणी मुरते आणि समुद्र थोपवला जातो, त्या शेतमजुरांचे व शेतकऱ्यांचे नाव त्या सातबाऱ्यावर लागले पाहिजे. ते सरकारदरबारी अर्ज करून लागणार नाही. कुंभकोणमपासून कोकणापर्यंत संघटित ताकदीनेच ते लावून घ्यावे लागेल.